घरगुती जुन्या वस्तूंचे प्रयोजन व कालनिश्चिती : एका सच्छिद्र तांब्याच्या वाटीचा अभ्यास

सारांश

जुन्या घरांतून आढळणाऱ्या अनेक वस्तूंचा उपयोग आजच्या पिढीस ठाऊक नसतो. उपयोग न कळल्यामुळे अशा वस्तू मोडीत जातात किंवा चुकीच्या नावाने जतन केल्या जातात. प्रस्तुत लेखात तळाशी बारीक छिद्र असलेल्या एका तांब्याच्या वाटीचे उदाहरण घेतले आहे. तिचे प्रयोजन कसे ओळखावे, तिचा काळ कोणत्या पुराव्यांवरून ठरवावा आणि या दोन्ही बाबतींत कोणत्या चुका संभवतात, याचे विवेचन येथे केले आहे. रचना, प्रयोग, कोरीव लेख, कागदपत्रे व मौखिक स्मृती या पाच साधनांचा एकत्रित विचार केल्यास बऱ्याच अंशी विश्वसनीय निर्णयाप्रत येता येते, असे या अभ्यासातून दिसते.

बीजसंज्ञा : घटिकापात्र, कालमापन, शालिवाहन शक, संवत्सर, तांबटकाम, मौखिक इतिहास

१. प्रास्ताविक

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. माजघरातील फडताळ आणि माळ्यावरील पितळी-तांब्याच्या भांड्यांची रास यांचा विचार सहसा केला जात नाही. वस्तुतः सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनाचा इतिहास याच राशीत दडलेला असतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तूंचा जो संग्रह दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर केला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनास अर्पण केला, त्याचे मोल आज सर्वमान्य आहे. परंतु ज्या वस्तू संग्रहालयापर्यंत पोहोचत नाहीत त्यांचे काय होते, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाची जाणीव प्रस्तुत लेखिकेस स्वतःच्या घरीच झाली. गावाकडील घर विकावयाचे ठरल्यानंतर जुनी भांडी मोडीत देण्यासाठी ओसरीवर काढून ठेवली होती. त्यांत तांब्याची एक पातळ, गोल बुडाची वाटी होती. तिच्या तळाच्या मधोमध एक बारीक छिद्र होते. "भोक पडलेली वाटी" म्हणून ती तराजूत पडणार होती. किलोच्या भावाने तिची किंमत किरकोळ झाली असती. कडेखाली काही अक्षरे दिसली म्हणून ती बाजूला काढली गेली, एवढेच. त्या अक्षरांचा आणि त्या छिद्राचा अर्थ लावण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख होय.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

या अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) सच्छिद्र वाटीच्या संभाव्य उपयोगांचा विचार करून तिचे प्रयोजन निश्चित करणे.
(२) तिचा काळ ठरविण्यासाठी उपलब्ध पुराव्यांची छाननी करणे.
(३) अशा वस्तू हाताळताना पाळावयाचे पथ्य स्पष्ट करणे.

यासाठी प्रत्यक्ष निरीक्षण, मोजमाप, पाण्यावरील प्रयोग, कोरीव लेखाचे वाचन, घरातील कागदपत्रांची पाहणी आणि कुटुंबातील वृद्ध व्यक्तीशी संवाद या पद्धतींचा अवलंब केला आहे.

३. वस्तूचे वर्णन

सदर वाटी अर्धगोलाकार आहे. तोंडाचा व्यास १४ सेंटीमीटर, खोली ७ सेंटीमीटर आणि वजन सुमारे १५० ग्रॅम आहे. या आकाराच्या मानाने वजन कमी असल्याने पत्र्याची जाडी सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. तिला कान, कडी वा साखळी अडकविण्याची भोके नाहीत, बैठकही नाही. जमिनीवर ठेवल्यास ती डुलते. बाहेरच्या अंगावर हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा, ज्याला तांबट मठार म्हणतात, फिकट झालेल्या परंतु स्पष्ट आहेत. तळाचे छिद्र अगदी मध्यावर आहे आणि त्याची कड आतबाहेर दोन्हीकडून गुळगुळीत आहे.

हे शेवटचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. झिजून किंवा आपटून पडलेले भोक वाकडेतिकडे असते, त्याच्या कडा फाटलेल्या असतात आणि ते नेमके मध्यावर पडण्याचे काही कारण नसते. येथे छिद्र मुद्दाम पाडलेले आहे यात संशय नाही. तेव्हा "ही वाटी कशाने बिघडली?" हा प्रश्न बाजूस ठेवून "हे छिद्र कशासाठी?" असा प्रश्न विचारणे इष्ट ठरते.

४. संभाव्य उपयोगांची छाननी

तळाशी छिद्र असलेले तांब्याचे पात्र म्हटले की पहिले अनुमान अभिषेकपात्राचे होते. शिवलिंगावर संततधार धरण्यासाठी जी गळती टांगतात तिलाही तळाशी छिद्र असते. आमच्या घरातही प्रथम हेच मत पडले. परंतु गळती टांगावी लागते, त्यामुळे तिला कड्या, कान किंवा तिवईवर बसेल असा काठ लागतो. धार एका ठिकाणी पडावी म्हणून तिचे बूड बहुधा निमुळते असते. सदर वाटीत यांपैकी एकही लक्षण नाही.

दुसरे अनुमान तराजूच्या पारड्याचे. परंतु पारड्याची भोके काठाला असतात, तळाला नव्हे. तिसरे अनुमान गाळणीचे. पण गाळणीस अनेक छिद्रे हवीत. दिव्याचा किंवा समईचा एखादा सुटा भाग असावा, असेही एकाने सुचविले. तसे असते तर मळसूत्राची वा सांध्याची काही खूण छिद्राभोवती दिसली असती, आणि काजळीचा किंवा तेलाच्या पुटाचा अंश उरला असता.

उरते ते चौथे अनुमान : घटिकापात्र, म्हणजे पाण्यावर तरंगत ठेवावयाची आणि ठराविक वेळात भरून बुडणारी वाटी. हे पात्र टांगावयाचे नसते, म्हणून कड्या नाहीत. ते जमिनीवर ठेवावयाचे नसते, म्हणून बैठक नाही. ते तरंगले पाहिजे, म्हणून पत्रा पातळ आहे. जी लक्षणे इतर अनुमानांना बाधक ठरतात, तीच येथे साधक ठरतात.

५. घटिकापात्राची परंपरा

घटिका हे कालमापनाचे जुने भारतीय एकक आहे. अहोरात्राच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे असा हा हिशोब आहे. आजच्या मापात घटिका म्हणजे २४ मिनिटे आणि पळ म्हणजे २४ सेकंद. दोन घटिकांचा एक मुहूर्त आणि साडेसात घटिकांचा एक प्रहर होतो.

कौटिलीय अर्थशास्त्रात नालिका मोजण्यासाठी जे पात्र सांगितले आहे त्यातून पाणी बाहेर गळते. पाण्यात बुडणाऱ्या वाटीची पद्धत त्यानंतरची आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात नालंदा येथे राहिलेल्या इत्सिंग या चिनी यात्रेकरूने बुडणाऱ्या वाटीने वेळ मोजण्याची पद्धत वर्णिली आहे. बाबरानेही आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील घटिका मोजण्याच्या आणि तास वाजविण्याच्या रीतीची नोंद केली आहे.

आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या लल्ल या ज्योतिर्विदाने या पात्राची मापे दिली आहेत. दहा पळे वजनाचे तांबे, सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे रुंदी, आणि चार अंगुळे लांबीच्या ठराविक वजनाच्या सोन्याच्या सुईने पाडलेले छिद्र, असे ते वर्णन आहे. येथील 'पळ' हे वजनाचे माप आहे, काळाचे नव्हे. सोन्याची सुई सांगण्यामागे छिद्राचा व्यास नेमका ठरविण्याची युक्ती आहे, हे सहज लक्षात येईल. धातू, लांबी आणि वजन निश्चित केले की सुईची जाडी आपोआपच निश्चित होते.

परंतु भास्कराचार्यांनी (सिद्धान्तशिरोमणीचा रचनाकाल इ. स. ११५०) या बाबतीत अधिक व्यवहारी भूमिका घेतली. त्यांच्या यंत्राध्यायातील प्रतिपादनाचा आशय असा की, अर्ध्या घटासारखे तांब्याचे सच्छिद्र पात्र करावे, ते एका अहोरात्रात किती वेळा बुडते हे मोजावे आणि त्या संख्येने अहोरात्रास भागावे; जे येईल ते त्या पात्राचे मान. म्हणजे पात्र शास्त्रोक्त मापाचे आहे की नाही याची चिंता न करता प्रत्यक्ष प्रयोगाने त्याचे अंकन करावे. ही भूमिका आपल्या प्रस्तुत विषयात पुढे फार उपयोगी पडते.

लीलावतीच्या विवाहाची कथा सर्वश्रुत आहे. मुहूर्तासाठी ठेवलेल्या घटिकापात्रात तिच्या अलंकारातील मोती पडला, छिद्र बुजले आणि लग्नघटिका टळून गेली, असे ती कथा सांगते. फैजीने १५८७ साली केलेल्या लीलावतीच्या फारसी अनुवादाच्या प्रस्तावनेत ही कथा येते. भास्कराचार्यांच्या काळापासून ती चार शतकांहून अधिक दूर असल्याने तिला इतिहास म्हणता येणार नाही. तथापि, विवाहमुहूर्त आणि घटिकापात्र यांचा संबंध लोकमानसात किती दृढ होता याची साक्ष ती अवश्य देते.

महाराष्ट्रात लग्न व मुंज या संस्कारांत घटिकास्थापनेचा विधी होता. सूर्योदयास किंवा सूर्यास्तास पाण्याने भरलेल्या घंगाळात घटिका सोडावयाची, तिची पूजा करावयाची आणि ती किती वेळा बुडाली हे मोजून मुहूर्त साधावयाचा, अशी रीत होती. मराठी भाषेने ही रीत अजून सांभाळली आहे. 'घटका भरली' म्हणताना आपल्यासमोर पाण्याने भरत आलेली वाटी नसते. पण वाक्प्रचार जन्मला तो तिच्यातूनच. 'घटकाभर', 'घडीभर', 'घडोघडी' आणि खुद्द 'घड्याळ' हे शब्दही त्याच कुळातील आहेत. 'तास' हा शब्दही मुळात वेळ कळविण्यासाठी ठोकावयाच्या धातूच्या थाळीचा वाचक आहे.

६. प्रयोग व त्याचा अर्थ

अनुमान तपासण्याचा सरळ मार्ग म्हणजे वाटी पाण्यावर सोडून पाहणे. मात्र त्यापूर्वी घडलेली एक चूक येथे नमूद करणे आवश्यक आहे. वाटी हाती आली तेव्हा ती हिरवट-काळी झाली होती आणि छिद्रात क्षार साचले होते. उत्साहाच्या भरात लेखिकेने ती चिंच-मीठ लावून घासली आणि छिद्र सुईने मोकळे केले. मापे घेण्याचे सुचले ते त्यानंतर. या चुकीचे परिणाम पुढे येतीलच.

प्रयोगासाठी रुंद घंगाळ, गाळलेले पाणी आणि वारा नसलेली खोली निवडली. वाटी प्रथम आतबाहेर ओली करून घेतली. कोरड्या किंवा तेलकट छिद्रातून पाणी आत शिरण्यास पृष्ठताणामुळे प्रारंभी अडथळा होतो, म्हणून ही काळजी घ्यावी लागते. तीन वेळा केलेल्या प्रयोगांची सरासरी साडेबावीस मिनिटे आली आणि तिन्ही वेळांत अर्ध्या मिनिटाहून अधिक फरक पडला नाही. वाटी काठोकाठ भरून बुडत नाही, हेही दिसून आले. आतील पाणी काठाखाली जवळजवळ एक सेंटीमीटर असतानाच बाहेरचे पाणी काठावर येते आणि वाटी एकाएकी तळाशी जाते.

साडेबावीस मिनिटे म्हणजे चोवीस नव्हेत. मग अनुमान चुकले काय? येथे थोडा पदार्थविज्ञानाचा आधार घ्यावा लागतो. वाटीच्या वजनामुळे बाहेरची पाणीपातळी आतील पातळीपेक्षा नेहमी थोडी वर राहते आणि त्या फरकाच्या दाबाने पाणी आत शिरते. वाटीचे वजन व आकार कायम असल्याने भरण्याचा वेळ मुख्यतः छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून राहतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते आणि चोवीस मिनिटांची घटिका जेमतेम वीस मिनिटांची होते.

या मापाच्या वाटीस चोवीस मिनिटे लागण्यासाठी छिद्राचा व्यास गणिताने सुमारे १.४ मिलिमीटर येतो. तो केवळ तीन-सव्वातीन टक्क्यांनी, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही कमी वाढला, तरी वेळ साडेबावीस मिनिटांवर येतो. शेसव्वाशे वर्षांच्या घासण्यापुसण्यात एवढी झीज होणे मुळीच अशक्य नाही. परंतु त्यातील किती झीज काळाने केली आणि किती लेखिकेच्या सुईने, हे सांगण्याचा मार्ग आता उरलेला नाही. छिद्राला हात न लावता प्रथम वेळ मोजली असती, क्षार साचलेल्या अवस्थेतील दुसरी नोंद मिळाली असती, तर झिजेचा अंदाज बांधण्यास काही आधार राहिला असता. तो पुरावा दहा मिनिटांच्या घासण्यात गेला.

तरीही प्रयोगाचा निष्कर्ष निरर्थक ठरत नाही. याच वाटीला एक मिलिमीटरचे छिद्र असते तर तिला बुडण्यास पाऊण तासाच्या आसपास वेळ लागला असता. दोन मिलिमीटरचे असते तर अकरा-बारा मिनिटे पुरली असती. आणि अभिषेकाची धार धरता येईल असे तीन मिलिमीटरचे असते तर ती पाच मिनिटांतच बुडाली असती. इतक्या विस्तृत पल्ल्यातून वेळ चोवीस मिनिटांच्या इतक्या निकट यावा, हा योगायोग मानणे कठीण आहे. भास्कराचार्यांच्या दृष्टीने पाहिले तर या वाटीत दोषच नाही. ती आज अहोरात्रात साठऐवजी चौसष्ट वेळा बुडते, इतकेच.

७. काळ कसा ठरवावा?

प्रयोजन कळले तरी वय कळत नाही. तांब्याचे वय प्रयोगशाळेतही थेट मोजता येत नाही. किरणोत्सारी कार्बनाची पद्धत लाकूड, कोळसा, हाड अशा सेंद्रिय पदार्थांना लागू पडते, शुद्ध धातूला नव्हे. वाटीचा काळेपणा किंवा हिरवेपणा यावरून वय सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु दमट माळ्यावर दहा वर्षांत जो रंग चढतो तो कोरड्या फडताळात शंभर वर्षांतही चढत नाही. रंग परिस्थिती सांगतो, वय नव्हे.

घडणीवरून मर्यादित अनुमान करता येते. हातोडीच्या खुणा व असमान जाडी हातकाम दर्शवितात. आतील बाजूस एककेंद्री बारीक वलये असतील तर भांडे चरकावर घडविले किंवा खरवडले असावे. पण हातकाम म्हणजे प्राचीन असे समीकरण मांडता येत नाही, कारण पुण्याच्या तांबट आळीत हे काम आजही चालते. उलटपक्षी, एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांब्याचा पत्रा आयात होत होता. म्हणून सारख्या जाडीचा पत्रा दिसला की भांडे विसाव्या शतकातीलच, असेही म्हणता येत नाही.

सर्वांत बोलका पुरावा कोरीव लेखाचा असतो. लग्नकार्यात दिलेल्या भांड्यावर नाव व साल घालण्याची आपली रीत इतिहासाभ्यासकास फार उपकारक आहे. सदर वाटीवर ठिपक्यांनी कोरलेली बाळबोध अक्षरे आहेत. नावाचा भाग पुसट झाला आहे. पुढे 'शके १८' इतके स्पष्ट असून नंतरचे दोन अंक झिजले आहेत. त्यापुढे 'तारणनाम संवत्सरे माघ' हे शब्द वाचता येतात.

दोन अंक गेले असताना संवत्सराचे नाव कसे मदतीस येते, ते पाहू. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या गणनेनुसार शकाच्या अंकात बारा मिळवून साठाने भागले असता जी बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक होय. प्रभव हा पहिला. (बाकी शून्य आल्यास साठावा, म्हणजे क्षय संवत्सर समजावा.) पडताळ्यासाठी शके १९०९ घ्या. बारा मिळविल्यास १९२१, साठाने भागल्यास बाकी १, म्हणजे प्रभव. १९८७ साली प्रभव संवत्सर सुरू झाला होता, हे पंचांगात पाहता येते.

तारण हा अठरावा संवत्सर आहे. शके १८०० ते १८९९ या शंभर वर्षांत तो दोनदाच येतो : शके १८०६ आणि शके १८६६. शकात सामान्यतः ७८ मिळविले की इसवी सन येतो. परंतु माघ महिना इंग्रजी वर्षाच्या प्रारंभी येत असल्याने येथे ७९ मिळविले पाहिजेत. त्यामुळे वाटीवरील नोंद इ. स. १८८५ ची किंवा १९४५ ची ठरते. लेखात तिथी आणि वार दोन्ही असते तर सिवेल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या 'द इंडियन कॅलेंडर' (१८९६) या ग्रंथातील कोष्टकांवरून १८८५ चा पडताळा घेता आला असता. येथे ती सोय नाही.

या साठ वर्षांच्या फरकाला केवळ कुतूहलापुरते महत्त्व नाही. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेषाची परदेशी निर्यात खासगी व्यक्तीस करता येत नाही. (हस्तलिखितांसारख्या कागदपत्रांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.) १८८५ ची वाटी ही मर्यादा ओलांडते, १९४५ ची ओलांडत नाही.

८. कागद आणि स्मृती

निर्णय झाला तो घरातील एका वहीमुळे. पणजोबांच्या मुंजीचा खर्च लिहिलेली ही मोडी वही शके १८४६ वैशाखातील, म्हणजे १९२४ सालची आहे. तांदूळ, गूळ, तूप, दक्षिणा अशा नोंदींमध्ये 'घटिकापात्र व घंगाळ उजळणे, दोन आणे' अशी एक ओळ आहे. १९२४ साली जे पात्र उजळून घ्यावे लागले, त्यावर १९४५ चा लेख प्रथमपासून असू शकत नाही.

येथे एक शंका रास्त आहे. वहीतील घटिका आणि हाती असलेली वाटी एकच कशावरून? या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल अशी एकच व्यक्ती हयात होती : पणजोबांची कन्या, आमच्या आत्याआजी. नव्वदी उलटलेल्या आत्याआजींच्या हाती वाटी दिली. त्यांनी ती पाहिली नाही, बोटाने तळ चाचपला आणि म्हणाल्या, "अगं, ही घटका. हिच्या तोंडाला सुई लावायची नसते." सुई आधीच लावून झाली होती, हे सांगण्याचे धैर्य त्या दिवशी झाले नाही.

त्यांच्या सांगण्यानुसार घरात घटका एकच होती. शेजारपाजारच्या लग्नांतही तीच मागून नेत आणि परत आणताना तीत तांदूळ भरून आणत. त्यांच्या लहानपणी भिंतीवर घड्याळ आलेले होते. तरी घटकेची पूजा होई आणि मुहूर्त मात्र घड्याळावर पाहिला जाई. ही माहिती मोलाची आहे. एखादी वस्तू आपले काम गमावल्यावर लगेच नाहीशी होत नाही. काही काळ ती विधी म्हणून टिकते आणि विधीही संपला की अडगळ होते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. पंचांगातील घटिका मात्र स्थानिक सूर्योदयापासून मोजावयाच्या असतात. या दोन कालगणना एकाच घरात काही दशके शेजारीशेजारी नांदल्या. आत्याआजींची आठवण त्या संधिकालाची आहे.

स्मृतीवर सर्वस्वी विसंबून चालत नाही, हे खरे. परंतु लेख, वही आणि स्मृती ही तीन परस्परांपासून स्वतंत्र साधने एकाच दिशेने निर्देश करीत असतील तर त्या निर्देशाचे वजन वाढते. त्यावरून वाटीवरील नोंद १८८५ ची मानणे सयुक्तिक ठरते. मात्र हे वर्ष नाव घातल्याचे आहे, वाटी घडविल्याचे नव्हे. जुन्या भांड्यावर नव्या कार्याच्या वेळी नाव घातले गेले असणे शक्य आहे. म्हणून 'माघ शके १८०६ (१८८५) किंवा तत्पूर्वी' असेच विधान करणे योग्य होईल.

९. जतनाचा प्रश्न

हा अभ्यास चालू असताना एका सहकाऱ्यांच्या घरी याच घडणीची दुसरी वाटी पाहण्यात आली. ती त्यांच्या स्वयंपाकघरात वापरात होती. तळाचे छिद्र गळते म्हणून कल्हईवाल्याकडून डाक लावून बुजविलेले होते. आता ते छिद्र पुन्हा मोकळे केले तरी मूळ व्यास मिळणार नाही. वाटी चकचकीत आहे, जपून ठेवलेली आहे, आणि घटिका म्हणून ती नष्ट झालेली आहे. मोडीत गेलेली वस्तू आणि चुकीच्या समजुतीने दुरुस्त केलेली वस्तू यांत ज्ञानाच्या दृष्टीने फारसा फरक राहत नाही.

यावरून काही पथ्ये सुचवावीशी वाटतात. अनोळखी वस्तू हाती आल्यास प्रथम ती होती त्या स्थितीत तिची छायाचित्रे घ्यावीत. मापे, वजन व ती कोठे सापडली याची नोंद करावी. घासणे, कल्हई करणे, डाक लावणे, छिद्रे मोकळी करणे हे सर्व त्यानंतरचे, आणि शक्यतो टाळावयाचे. कोरीव अक्षरे तिरप्या उजेडात वाचावीत. त्यांत खडू किंवा शेंदूर भरू नये. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस वस्तूचे नाव विचारण्याऐवजी वस्तू त्यांच्या हाती द्यावी, कारण हाताला जे आठवते ते पुष्कळदा जिभेला आठवत नाही.

१०. निष्कर्ष

(१) सदर सच्छिद्र वाटी घटिकापात्र असल्याचे तिची रचना, बुडण्याचा वेळ, वहीतील नोंद आणि मौखिक साक्ष यांवरून दिसून येते.
(२) तिच्यावरील नोंद शके १८०६ च्या माघ महिन्यातील, म्हणजे १८८५ सालची मानण्यास सबळ आधार आहे. वाटीची घडण त्याच वर्षीची किंवा त्याहून जुनी आहे.
(३) धातूचा रंग किंवा हातकाम यांवरून वय ठरविणे विश्वसनीय नाही. शक, संवत्सर व मास यांचा मेळ घालून कालाच्या शक्यता मर्यादित करता येतात.
(४) वस्तू स्वच्छ करणे ही निरुपद्रवी क्रिया नव्हे. अभ्यासापूर्वी केलेल्या स्वच्छतेने पुरावा कायमचा नष्ट होतो.

आपल्या महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी खेड्यांतून येतात. त्यांच्या घरांतील माळे येत्या काही वर्षांत रिकामे होणार आहेत आणि त्या वस्तूंची नावे सांगू शकणारी पिढीही आपल्यात फार काळ असणार नाही. इतिहास, मराठी, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र या विभागांनी मिळून प्रत्येक विद्यार्थ्याकडून घरातील एका अनोळखी वस्तूची नोंद करून घेतली, तर त्यासाठी अनुदानाची वा उपकरणांची गरज नाही. एक वजनकाटा, एक मोजपट्टी, एक वही आणि घरातील वृद्धांजवळ बसण्याची थोडी सवड एवढे पुरेसे आहे. हे काम पुढील वर्षावर ढकलण्याजोगे नाही, कारण आत्याआजींसारखी माणसे आणि मोडीचा तराजू ही दोन्ही एकाच वेळी आपल्या दारात उभी आहेत.